दुसऱ्या फ्लॅटला कुलूप लावा, प्राप्तिकर शून्य. भाड्याने द्या, प्राप्तिकर सुरू!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात घरभाडी वाढल्याने घरमालकांची चांदी झाली आहे, अशा आशयाची बातमी आपल्या शहर पुरवणीत वाचली. हिंजवडी, वाकड, बाणेर पट्ट्यात भाडी चढली आहेत हे खरंच, आणि भाडेकरूंची ओढाताण होते हेही कुणी नाकारणार नाही. पण एकाच इमारतीत दहा फ्लॅट अडवून ठेवणारा गुंतवणूकदार आणि भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन फंडाच्या पैशांत एक वन बीएचके घेतलेला फिटर, या दोघांना त्या बातमीने एकाच रांगेत उभं केलं आहे. बातमीदाराला तरी काय बोल लावायचा? प्राप्तिकर खातं आणि महापालिकाही तेच करतात.

पिंपरी-चिंचवडच्या माझ्या पिढीतल्या कामगारांनी दुसरा फ्लॅट हौसेने घेतलेला नाही. ईपीएस-९५ या खासगी कंपन्यांतल्या कामगारांच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे आणि २०१४पासून तो आकडा हललेला नाही. मला त्याहून थोडी जास्त मिळते, पण त्यात घरचा किराणाही भागत नाही. व्हीआरएसचे (स्वेच्छानिवृत्तीचे) पैसे हातात आले तेव्हा आजूबाजूच्या पतपेढ्या बुडताना पाहत होतो. शेअर बाजारातलं काही कळत नव्हतं. म्हणून २००९-१० साली वारज्यात २० लाखांना फ्लॅट घेतला. त्याचं भाडं हीच आमची पेन्शन. माझ्या ओळखीत असं करणारे बरेच आहेत.

या पेन्शनमधून हातात किती उरतं तेही सांगतो. सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरायचा. भाडेकरू ठेवला म्हणून त्यावर बिनवहिवाट शुल्क. सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तरी सर्वसाधारण सभेत ठराव करून मनमानी आकारणी करणाऱ्या सोसायट्या आहेतच. मग मिळकतकर. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते. ही सवलत १९७०पासूनची, मध्यंतरी काढून घेतली होती, २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा दिली आणि त्यासाठी लोकांनी घरात स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरण्यासाठी रांगा लावल्या. भाड्याने दिलेल्या घराला मात्र ती नाही. हा जादा कर शेवटी भाड्यातच चढतो. म्हणजे मालकाकडून वसूल केला असं म्हणायचं आणि भरायचा भाडेकरूने.

भाडेकरू सोडून गेला की मध्ये महिना-दीड महिना घर रिकामं. त्यातच रंगकाम, टीव्हीच्या ब्रॅकेटने भिंतीला पाडलेली भोकं, बेसिनखालची गळकी नळी, बंद पडलेला गीझर. नव्या भाडेकरूबरोबर लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो नोंदवणं सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. नियम चांगला आहे, वाद झाला तर तोच उपयोगी पडतो. (आपल्याकडे करार अकराच महिन्यांचा करायची रूढी का टिकली आहे, हे मात्र कोडंच आहे. अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो.) मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात १,००० रुपये. अनामत ५० हजार धरली तरी माझ्या करारावर सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. एजंट सांगतो तो आकडा वेगळाच असतो. आणि अंगठा! उभं आयुष्य लेथवर काढल्यामुळे माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र लाल दिवा दाखवतं, एजंटचा मुलगा ओल्या फडक्याने बोट पुसतो, पुन्हा दाबतो, मग दुसरा हात पुढे करायला सांगतो. दर अकरा महिन्यांनी हा सोहळा.

भाड्याच्या उत्पन्नावरचा कर माझ्यासारख्या निवृत्ताला फारसा जाचत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही लागत नाही. चिमटा बसतो तो नोकरी करणाऱ्या, कर्ज काढून घर घेतलेल्या पुढच्या पिढीला.

माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. आयटीत आहे. २०२४च्या दिवाळीनंतर त्याने पुनावळ्यात ४५ लाखांचा वन बीएचके घेतला. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाही. त्यामुळे पदरचे नऊ लाख, वर मुद्रांक सात टक्क्यांनी तीन लाख पंधरा हजार आणि नोंदणीचे ३० हजार. साडेबारा लाख गेले तेव्हा कुठे किल्ली मिळाली. सहा महिन्यांत कंपनीने बंगळुरूला पाठवलं. आता तिथे तो भाडेकरू आणि इथे मालक. हप्ता ३० हजारांचा, भाडं १८ हजार. वर्षाचं भाडं दोन लाख सोळा हजार, त्यातून मिळकतकराचे दहा हजार गेले, ३० टक्के वजावट गेली, उरले एक लाख चव्वेचाळीस हजार. कर्जाचं व्याज दोन लाख नव्वद हजार. म्हणजे कागदोपत्रीही जवळपास दीड लाखाचा तोटा.

जुन्या करपद्धतीत हा तोटा दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो. नव्या पद्धतीत होत नाही. बंगळुरूत तो जे भाडं भरतो त्यावरची घरभाडे भत्त्याची सवलतही नव्या पद्धतीत नाही. 'मग जुनी पद्धत निवडा' असं सल्लागार सांगतात. पण तिथे दहा लाखांच्या वर ३० टक्के दर. भाच्याने दोन्ही गणितं मांडून पाहिली, नवीच स्वस्त पडते. थोडक्यात, इथल्या तोट्याची वजावट नाही आणि तिथल्या खर्चाचीही नाही. हाच फ्लॅट त्याने कुलूप लावून ठेवला असता तर? कायद्यानुसार दोन घरांपर्यंत स्वतःच्या ताब्यातल्या घराचं उत्पन्न शून्य धरलं जातं. एकीकडे भाड्याची घरं कमी पडतात म्हणून ओरड, आणि दुसरीकडे घर बंद ठेवणाऱ्याला मुभा. २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, हे गणित काही बदललं नाही.

विकायला जावं तर ती तर आणखी वेगळी तऱ्हा. आजारपणासाठी हाताशी पैसा असावा म्हणून वारज्याचा फ्लॅट विकायचा विचार केला. खरेदीदाराला घर रिकामं हवं, म्हणजे भाडेकरूला आधी नोटीस, आणि व्यवहार पुरा होईपर्यंत भाडं बंद. बिल्डरने सोसायटीला अभिहस्तांतरण करून दिलेलं नाही, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी तिच्या नावावर केलेली नाही, म्हणून खरेदीदाराची बँक कागदांवर कागद मागते. सोसायटीच्या 'ना हरकत' पत्राची उपविधींनुसार गरज नाही, तरी बँकेला ते हवंच असतं. मग ते मिळवण्यासाठी सचिवांच्या सवडीने त्यांच्या दारी जायचं. आलेल्या एका गिऱ्हाइकाने दहा लाख रोख घ्या म्हणून सांगितलं. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. देणारा निघून जातो, उत्तरं मला द्यावी लागतात. तो सौदा सोडला.

आता नफ्यावरचा कर. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरायची सोय, काढून दर १२.५ टक्के केला. गदारोळ झाला तेव्हा २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घरांसाठी, निवासी भारतीयांना, जुनी २० टक्क्यांची पद्धत पर्याय म्हणून ठेवली. त्याने किती फरक पडतो तो पाहा. माझा २० लाखांचा फ्लॅट ५२ लाखांना गेला असं धरू. २०२५-२६च्या निर्देशांकाने खरेदीची किंमत होते ५० लाख ८१ हजार. म्हणजे सोळा वर्षांत महागाई वजा जाता मिळाले सव्वा लाखही नाहीत, आणि त्यावर कर जेमतेम २४ हजार. निर्देशांक नसता तर ३२ लाखांवर चार लाख! मी वाचलो. भाच्याने त्या तारखेनंतर घेतलं, त्याला हा पर्याय नाही. पंधरा वर्षांनी तो विकायला निघेल तेव्हा निव्वळ महागाईवर कर भरेल. १२ लाखांची करमाफीही या नफ्याला चालत नाही.

नफा पुन्हा घरात घातला तर करसवलत आहे, पण सत्तरीच्या माणसाला घर विकून घरच घ्यायचं असतं का? सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, सहा महिन्यांच्या आत. पैसे मात्र पाच वर्षं अडकतात. हॉस्पिटलचं बिल पाच वर्षं थांबत नाही. मुलं परदेशी आणि फ्लॅट त्यांच्या नावावर असलेल्या घरांची तर वेगळीच पंचाईत. तिथे भाडं कितीही कमी असलं तरी ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारजमा करण्याचं काम भाडेकरूचं. एकट्या राहणाऱ्या कोथरूडच्या आजीबाईंनी भाडेकरू पोराला हे समजावून सांगायचं, अशी अपेक्षा आहे.

सरकारला दोनपर्यंत मोजता येत नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात एका व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासूनचं कर्ज व्यापारी स्थावर मालमत्तेचं समजलं जातं, पहिली दोन नाही. स्वतःच्या ताब्यातल्या घरांची सूट दोन घरांपर्यंत. नफा दोन कोटींच्या आत असेल तर तो दोन घरांत गुंतवायची मुभा, आयुष्यात एकदा. म्हणजे मर्यादित घरं असलेला माणूस आणि घरांचा धंदा करणारा यांच्यातली रेघ कायद्याने कुठे कुठे ओढलेलीच आहे. तीच भाड्याच्या घराला लावा. राहतं एक आणि भाड्याने दिलेलं एक, एवढीच घरं असणाऱ्याला नव्या करपद्धतीतही कर्जव्याजाचा तोटा पगारातून वजा करू द्या. त्या एका घराच्या विक्रीला निर्देशांकाचा पर्याय कायमचा ठेवा, खरेदी कोणत्याही तारखेची असो. तिसऱ्या घरापासून हवा तेवढा कडक कर लावा, आमची हरकत नाही. महापालिकेनेही ४० टक्के सवलत अशा एका भाड्याच्या घराला द्यावी, आणि तिचा फायदा भाड्यात दिसला पाहिजे अशी अट करारातच घालावी. करार ऑनलाइन नोंदला जातो, पडताळणी अवघड नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी भाडेवाढीची बातमी करताना नोंदणी विभागाकडून एवढी आकडेवारी मागवावी: पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या नावावर एकाच घराचा भाडेकरार आहे असे मालक किती, आणि दहाहून अधिक घरांचे किती.

आपला,
एक निवृत्त कामगार, चिंचवड
(नाव प्रसिद्ध करू नये.)