मिटवायला येणारे आधी येतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या गळीत हंगामात उंब्रजहून मसूरला घरी येताना आमच्या कारला अपघात झाला. संध्याकाळचे सात वाजले असतील. समोरून दोन ट्रॉल्या ओढत उसाचा ट्रॅक्टर येत होता आणि त्याच्या मागून ओव्हरटेकला निघालेली मोठी गाडी सरळ आमच्या अंगावर आली. माझ्या यजमानांच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, माझं डावं मनगट. ते सुतारकाम करतात, मी घरी शिवणकाम करते. दोघांचंही पोट हातापायांवर.

दवाखान्यात डॉक्टर केसपेपर लिहीत असताना सोबत आलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी हळूच सांगितलं, "वहिनी, घरात पडलो म्हणा. पोलिसांची कटकट नको मागं." मी खरं तेच सांगितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांचं ऐकलं असतं तर आम्ही पुरते अडकलो असतो. दवाखान्यातून पोलिसांना एमएलसी, म्हणजे अपघाताची लेखी खबर गेली, जबाब झाला, जागेचा पंचनामा झाला. पुढे वकील म्हणाले, केसपेपरवरची ती पहिली ओळ विमा कंपनी सगळ्यात आधी वाचते.

तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याची माणसं आली. शहाळी, सफरचंदं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेचा स्टॅम्प. मजकूर टाइप करूनच आणला होता. 'अपघातात कोणाचाही दोष नाही, आम्ही आपसात मिटवले आहे, यापुढे कोणतीही तक्रार अगर दावा करणार नाही.' रकमेची जागा तेवढी मोकळी होती. पंचवीस हजार देतो म्हणाले. यजमानांच्या पायात तेव्हा प्लेटसुद्धा बसली नव्हती, आणि ती काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. माझे थोरले दीर म्हणाले, "घे आणि मोकळी हो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील एसटीत कंडक्टर होते. ते एवढंच म्हणाले, "ताई, आज सही करू नका. त्यांना कागद ठेवून जाऊ द्या." कागद ठेवायला ती माणसं तयार झाली नाहीत. तेव्हा मला कळलं.

खरं सांगते, माझंही मन द्रवलं होतं. गाडीवाला तरुण पोरगा, त्याची आई रडत होती, त्याला कशाला बुडवायचं असं वाटत होतं. ही भावना आपल्या गावांत फार आहे आणि ती खोटी नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो यासाठीच. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी भरते. त्या पोराचं घर मोडत नाही. मिटवून घेतलं की मात्र कंपनीला सुटायला वाट मिळते आणि आपण कर्जात जातो. हे आम्हाला दवाखान्यात कोणीच सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. घरातली, भावकीतली सगळी जाणती माणसं सांगत होती, "क्लेमला मुदत नसते, आधी पाय बरा होऊ दे." त्यांचंही चुकत नव्हतं. 1994 पासून खरोखरच मुदत नव्हती. पण मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट लागू झाली. मांडीचं हाड जुळून माणूस काठीवर यायलाच चार-पाच महिने जातात. आमचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झाला, तेव्हा मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

अर्ज अपघात झाला तिथंच करावा लागतो असंही नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. आमच्या भागातल्या घरटी एक-दोन पोरांचं पोट पुण्या-मुंबईवर आहे, त्यांच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावं. एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर आहे.

माझ्या मनगटाचं मात्र घरातल्यांनीही मनावर घेतलं नव्हतं. "तुझं काय एवढं, प्लास्टर निघालं की झालं." अडीच महिने मला ब्लाउजला हूक लावता येत नव्हता. भाकरी थापता येत नव्हती, ती सून करायची. वकिलांनी विचारलं, तुमच्या कमाईचा पुरावा काय? माझ्याकडे मापांची वही होती. कुणाचे किती ब्लाउज, किती शिलाई, किती उधारी, सगळं तारीखवार. तीच लावली अर्जाला. आणि जिच्याकडे अशी वही नाही, जी नुसतं घर सांभाळते, तिच्याही कामाची किंमत धरून भरपाई ठरवायची असते. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये ते स्पष्ट सांगितलं आहे. बायकांनी 'मला काही लागलं नाही' म्हणून आपलं नाव अर्जातून गाळू नये.

दवाखान्याचं बिल भरायला मी माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या. मे 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची सरकारी योजना आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. हे मला कळलं ते बांगड्या गेल्यावर.

म्हणून माझी जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना हात जोडून विनंती आहे की, सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या अपघात विभागात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत एक ठळक फलक लावावा. त्यावर सहा महिन्यांची मुदत, कॅशलेसचे दीड लाख, एफआयआरची मोफत प्रत आणि 15100 हा नंबर, एवढं लिहिलं तरी पुरे. फलक खाटेवर पडलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर असावा. आपण हे पत्र छापलंत तर त्याचं कात्रण मी स्वतः त्या दवाखान्यात नेऊन देईन, पुढच्या महिन्यात प्लेट काढायला आम्हाला जायचंच आहे.

आपली,
एक वाचक भगिनी
मसूर, ता. कराड, जि. सातारा