ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवरच्या आजींना

आदरणीय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अटलांटात ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर, एबेनेझर चर्चजवळ माझ्या ८२ वर्षांच्या बाबांना तुम्ही हाताला धरून फिरवलंत. आठवडा झाला, तरी बोलायला लागले की गळा दाटतो.

आदल्या दिवशी आम्ही पैसे भरून टूर घेतली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर, एक फोटो, चला बसमध्ये! बाबांनी विचारलं, या रस्त्यावर आणखी कोण होऊन गेलं? गाइड म्हणाला, बाकी बघण्यासारखं काही नाही. दीक्षाभूमीबद्दल कुणी तसं म्हटलं असतं तर लागलं असतं, तसं ते बाबांना लागलं.

आणि तुमच्याकडे केवढं होतं! १८५८ साली गुलामीत जन्मलेले अलोन्झो हर्नडन. गोऱ्या गिऱ्हाइकांची दाढी-कटिंग करून पैसा जोडला आणि १९०५ साली आपल्या माणसांसाठी विमा कंपनी काढली. पुढच्याच वर्षी शहरात कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारलं गेलं, तरी त्यानंतर हा रस्ता दुकानांनी, चर्चांनी, वर्तमानपत्रानं भरून गेला. मग सरकारनं वस्तीच्या मधून हायवे नेला. त्या पुलाखाली तुम्ही थांबलात आणि कुठे कुठे घरं होती ते बोटानं दाखवलंत. या रस्त्याला 'स्वीट ऑबर्न' म्हणणाऱ्या जॉन वेस्ली डॉब्ज यांच्या मुलीचा मुलगा, मेनार्ड जॅक्सन, १९७३ साली शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आला, हे सांगताना तुम्ही बाबांचा हात घट्ट दाबलात.

पण मला आठवत राहतं ते त्यानंतरचं. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे हे कुणी केलं?" अमेरिकेत इतकी वर्षं राहतेय, मला हे कुणी विचारलं नव्हतं. बाबा बाबासाहेबांबद्दल भरभरून बोलले. याच शहरात शिकवून गेलेल्या कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. मी भाषांतर करता करता रडत होते. तुम्ही पर्समधून चर्चचं पत्रक काढलंत, उलटं केलंत, पेन बाबांच्या हातात दिलंत. "तुमच्या बाबासाहेबांचं नाव तुमच्या लिपीत लिहा." बाबांनी लिहिलं. उच्चार नीट जमेपर्यंत तुम्ही तो तीनदा म्हटलात आणि कागद घडी न घालता बायबलमध्ये ठेवलात.

बाबा नागपूरला परतलेत. हात थरथरत होता, अक्षर वाकडं आलं, याची त्यांना चुटपुट लागून राहिलीय. कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून पाठवताहेत. रविवारी चर्चपाशी घेऊन येते.

तुमची,
त्यांची मुलगी