पिलं कापायचे दिवस

चि. ताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, तू तीन दिवस घरी होतीस. त्यातला निम्मा वेळ ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन गेला. लिंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, मोठी माय दोनदा येऊन "जेवाले ये वं माय" म्हणून गेली. तू तिला हातानेच थांब म्हणालीस आणि फोनवर "हो सर, करते सर" चालू होतं. रात्री गच्चीवर आईला म्हणालीस, "मला नाही म्हणताच येत नाही गं." मी पलीकडच्या खाटेवर जागाच होतो. तेव्हा बोललो नाही, पण महिनाभर ते डोक्यातून गेलं नाही. परवा मृगाचा पाऊस झाला, बागेत पाय ठरत नाही, सवड आहे, म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्या ऑफिसातलं मला फार कळत नाही. पण तू सांगितलंस त्यावरून एवढं समजलं, की नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं काम तुझ्याकडे आलं, ते तू घेतलंस. दुसऱ्या टीमचं सादरीकरण तुला चांगलं जमतं म्हणून तेही तुझ्याच गळ्यात. शनिवार-रविवार कोर्स आहे, आणि सोसायटीच्या कार्यक्रमाचा हिशोबसुद्धा तूच लिहितेस. हे सगळं ऐकताना मला सारखी वरच्या पट्टीतली आपली केळीची जुनी बाग आठवत होती. त्या वेळी तू बालवाडीत होतीस.

५ बाय ५ फुटांवर लावली तर एकरात साधारण १७०० केळी बसतात. झाड आयुष्यात एकदाच निसवतं, म्हणजे घड बाहेर काढतं, आणि एकच घड देतं. आंब्यासारखं पुढच्या वर्षी बघू असं केळीत नसतं. पण झाड कमरेएवढं झालं न झालं की बुंध्याला पिलं फुटायला लागतात. एक कापावं तर शेजारून दोन. त्या वर्षी तुझ्या आजोबांनी बाग पहिल्यांदा माझ्या हातात दिली होती. पिलं इतकी सुंदर दिसत होती, हिरवीगार, तरतरीत, की मला कापवेना. वाटलं, फुटतंय तर फुटू दे, जमिनीत ताकद आहे म्हणूनच फुटतंय. आजोबा बांधावरून जाता जाता एकदाच म्हणाले, "पिलं वाढली रे." मी म्हटलं, "काढतो." काढली नाहीत. बाग लांबून जंगलासारखी दाट दिसायची आणि येणारा-जाणारा म्हणायचा, काय बाग आहे! मला त्याचाच आनंद.

घड निसवले तेव्हा कळलं. फण्या कमी आणि केळं बारीक. व्यापाऱ्याने घड हातात धरून फिरवला, काही बोलला नाही, भाव तेवढा खाली सांगितला. मग मी खताच्या गोण्या ओतल्या, पाणी वाढवलं. काही उपयोग झाला नाही.

का झाला नाही, ते मला पुढे कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी बागेतच एक खोड उभं चिरून दाखवलं. आपण ज्याला खोड म्हणतो ते खरं खोड नाहीच, पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. चिरलेल्या बुंध्यात, अगदी आत, बोटभर पांढरं काहीतरी होतं. साहेब म्हणाले, "हा घड आहे." बाहेरून झाडाला अजून फक्त पानं होती. लावणीनंतर ४-५ महिन्यांनी, कुणाला काही दिसत नसताना, घड आत तयार व्हायला लागतो आणि त्याला फण्या किती हेही तिथेच ठरतं. तो बाहेर पडतो त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. शिवाय एकदा घड निसवला की झाडाला नवीन पान येत नाही. आधी जेवढी पानं कमावली तेवढ्यावरच तो भरायचा. मी निसवल्यावर खत ओतत होतो, आणि ज्या महिन्यांत त्या झाडाला अन्न हवं होतं त्या महिन्यांत ते पिलं खात होती.

ताई, तू २७ वर्षांची आहेस. मला वाटतं तुझे हे दिवस तेच आहेत. बाहेरून अजून काही दिसत नाही, म्हणून तुला वाटतं आपल्याकडे जागाच जागा आहे, कुणीही काही आणून लावावं.

आणि पील एकदा कापून भागत नाही, हेही सांगतो. विळ्याने जमिनीलगत छाटलं तरी वाढीचा कोंब खाली कंदाजवळ जिवंत असतो. आठवड्यात कापलेल्या जागेच्या मधोमध सुरळी वर येते, अगदी बोटाएवढी, जणू काही झालंच नाही. म्हणून आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी ओळीत फिरतो. रागाने नाही, झाडाशी भांडण म्हणूनही नाही. तू एकदा कुणाला नाही म्हणालीस आणि त्यांनी पुढच्या महिन्यात परत विचारलं, तर आपलं चुकलं असं समजू नकोस. ते विचारणारच. तू परत नीट शब्दांत सांगायचं.

सगळीच पिलं वाईट, असं मात्र मनात आणू नकोस. पुढचं पीक पिलावरच येतं. घड निसवला की आम्ही एक पील राखतो, तीच पुढे पिलबाग. कुठलं राखायचं ही खरी पारख आहे. एक पील असतं ते लहानपणीच रुंद, मोठी पानं काढतं. दिसायला देखणं, पण आईच्या कंदाला ते वरवर चिकटलेलं असतं आणि त्याचा घड हलका निघतो. दुसरं असतं त्याची पानं तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, वर काहीच डौल नाही, पण बुंधा जाड आणि कंदाशी घट्ट. आम्ही ते दुसरं ठेवतो. तुझ्या त्या चार कामांत असं एखादं असेल. मला वाटतं तो कोर्स असावा, कारण त्याबद्दल बोलताना तुझा चेहरा वेगळा होता. पण हे तूच बघायचं.

मे महिन्यात नांगरून ठेवलेलं कापसाचं काळं रान तू पाहिलंस ना? ४५ डिग्रीत ढेकळं तापतात, भेगांत हात जातो. त्या महिन्यात त्यात काही पेरत नाही आणि पडीक आहे असंही कुणी म्हणत नाही. रान तापतंय, म्हणतो. रविवार तसा ठेव.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ झालं. तापीकाठच्या काही बागा आडव्या झाल्या, घडासकट. बघवत नव्हतं. आपली कडेला वारा अडवणारी शेवरीची झाडं होती म्हणून थोडक्यात वाचली, सव्वाशेक झाडं पडली. सकाळी उभ्या झाडांमधून फिरलो तर प्रत्येक पान शिरेशिरेतून फाटून चिंध्या झालेलं. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता कळतं, पान असं फाटतं म्हणून वारा त्यातून निघून जातो आणि झाड उभं राहतं. थोड्याफार फाटलेल्या पानावरही घड भरतो. तुझी एखादी तारीख चुकेल, कुणी नाराज होईल, एखाद वर्षी पगारवाढ कमी मिळेल. होऊ दे.

अजून एक. घड कापल्यावर आम्ही जुनं खोड लगेच बुडातून काढत नाही, थोडं थोडं वरून कापतो. त्यातला रस खाली उतरतो आणि राखलेल्या पिलाला मिळतो. हे मी इतकी वर्षं करतोय, पण या वर्षी विळा हातात घेऊन त्या खोडापाशी जरा वेळ उभा राहिलो. पैशांची अडचण आली, किंवा नोकरी बदलताना दोन महिने मोकळी राहावंसं वाटलं, तर संकोच करू नकोस. तुझी खोली रिकामी आहे, पंखा दुरुस्त केलाय.

आईने कुरडया आणि कळण्याचं पीठ बांधून ठेवलंय, पुण्याला जाणाऱ्या गाडीत कुणी ओळखीचं निघालं की देतो. मोठी माय विचारते, पोर जेवते का वेळेवर. तिला तू स्वतः सांग. फोन रात्री ९ च्या आधी कर. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, नंतर मी मोटार चालू करायला बागेत जातो आणि तिथे रेंज नसते.

तुझे,
आप्पा