इंजिन जाम, जबाबदार कोण?

महोदय,
जुनी गाडी घेतल्यावर महिन्याभरात ऑइल गळून इंजिन जाम झाले, की डीलरचे उत्तर ठरलेले: ‘चालवून बघितली होती ना? आता आमचा संबंध नाही.’ इतके सोपे नाही ते. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट गृहीतच असते. ग्राहकाने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता तो दोष मात्र त्याच्या माथी. खरी मेख इथेच आहे. विक्रीआधी इंजिन फवाऱ्याने लख्ख धुतात. मग इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरच्या पॅकिंगमधला पाझर दिसणार कसा? (चकचकीत इंजिन पाहून खूश होणारे आपण कमी नाही.)

तरीही सगळे खापर डीलरवर फोडता येत नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब घसरल्यावर लागतो, म्हणजे उशिराच. तो लागताच गाडी जागेवर बंद करायची. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणत रेटली, की बेअरिंग घासून क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जातो आणि भरपाई मागायला तोंड उरत नाही. साधा वाहनविमाही यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र लागते. त्याच नियमांत इंजिनची स्थिती, ऑइलगळतीसह, लेखी देण्याची सक्ती केंद्राने करावी. तोवर ग्राहकांनी ती बिलावर लिहून घ्यावी.

– एक वाचक, सातारा