भाजणीची वजा ३२० पाकिटं

रामबाग, इंदूर
दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑर्डर घेणाऱ्या एआय एजंटच्या टूल्सची (ऑर्डर नोंदवणं, रद्द करणं अशा कामांसाठी तो वापरतो त्या सोयींची) वर्णनं चुकीची लिहिल्यामुळे झालेलं नुकसान

स.न.वि.वि.

माझं मसाल्यांचं आणि पिठांचं छोटं दुकान आहे. जुलैपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी तुमचा एजंट घेतो. दिवाळीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती, हेही लिहून ठेवते.

१३ ऑक्टोबरला सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला : ‘दीदी, चकली भाजणी ५००, मेतकूट पाव किलो, शाम को लूंगा.’ इंदुरात कोणालाही विचारा, ५०० म्हणजे अर्धा किलो. तुमच्या एजंटने भाजणीची ५०० पाकिटं नोंदवली. आमचं पाकीटच अर्ध्या किलोचं, म्हणजे अडीचशे किलो झाली! फळीवर होती १८०. तुमच्या सिस्टिमने हूं की चूं न करता साठा ‘वजा ३२०’ दाखवला आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला ‘भाजणी संपली’ असं कळवलं. दिवाळीला आठवडा उरलेला, मी भाजणीच्या ढिगाशेजारी बसलेली, आणि फोन का वाजत नाही म्हणून विचार करतेय.

मेतकुटाचं वेगळंच. एजंटने आधी ०.२५ भरलं. सिस्टिमचं उत्तर : ‘अवैध विनंती.’ काय अवैध, कसं भरायचं, काही नाही. मग त्याने अंदाजाने १ भरलं, ते चाललं. गिऱ्हाइकाच्या हातात शंभर ग्रॅमचं एक पाकीट.

रात्री मी एजंटला लिहिलं, ‘आज नेलेल्या ऑर्डरी बंद करून टाक.’ म्हणजे पूर्ण झाल्याची नोंद कर. त्याने १४ ऑर्डरी रद्द करून ११,३४० रुपये गिऱ्हाइकांना परत पाठवले. माणसं ओळखीची, बहुतेकांनी आपणहून परत दिले. २,१८० रुपये अजून यायचे आहेत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, एआय कधीकधी चुकतो, नवीन मॉडेल आलं की सुधारेल.’ हे मला मान्य नाही, आणि पत्राचं खरं कारण तेच आहे.

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने तुमच्या सेटिंगमधलं टूल्सचं पान उघडून दाखवलं. एजंटला तुमचा आतला प्रोग्राम दिसत नाही म्हणे; त्याला दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं ते. त्यावरूनच तो ठरवतो. आणि तुम्ही काय लिहिलंय? ‘प्रमाण : वस्तूचे प्रमाण.’ ग्रॅम, किलो की पाकिटं, पत्ता नाही. ‘ऑर्डर_क्लोज : ऑर्डर बंद करण्यासाठी.’ त्याखाली ‘ऑर्डर_कॅन्सल : ऑर्डर बंद करण्यासाठी.’ दुसऱ्याने पैसे परत जातात, याचा उल्लेखसुद्धा नाही. दुकानात काल लागलेल्या पोऱ्याने तरी यातून काय ओळखायचं?

माझ्या आईच्या फडताळात पापडखार आणि खाण्याचा सोडा शेजारी-शेजारी असायचे, दोन्ही पांढरे. पापडखाराच्या डब्यावर तिने चिठ्ठी लावली होती : ‘पापडखार. फक्त पापडाला. भज्यात घालू नये.’ कधी वापरायचं नाही, तेही लिहिलेलं. ती चौथी शिकलेली होती.

तुमच्या माहितीपत्रकात एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरावीक पद्धत, वापरत असल्याची जाहिरात आहे. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या त्या पद्धतीत, टूल काही मोडणारं-पुसणारं आहे का, हे सांगायची खूण असते. ती नुसती सूचना असते, सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये, असं भाचा म्हणाला. पण तुम्ही कॅन्सलच्या पुढे चक्क ‘नाही’ भरलंय! म्हणूनच एजंटने मला एकदाही विचारलं नाही.

भाच्याने एजंट तोच ठेवून चाचणीच्या खात्यात फक्त वर्णनं बदलली. प्रमाणाच्या जागी लिहिलं : ‘नग : पाकिटांची संख्या, पूर्णांकात. ग्रॅम किंवा किलो इथे भरू नये. ग्राहकाने वजन सांगितल्यास आधी पाकिटाचं वजन पाहावं. भाग पूर्ण जात नसेल तर ग्राहकाला विचारावं.’ कॅन्सलला लिहिलं : ‘ग्राहकाने माल नको म्हटल्यावरच. पैसे लगेच परत जातात. माल नेला असेल तर ऑर्डर_क्लोज वापरावं.’ मग जुनेच १२ निरोप पुन्हा दिले. पाव किलो मेतकुटाला एजंटने ‘शंभरची दोन देऊ की तीन?’ असं विचारलं. ११ बरोबर आले. जो चुकला तो होता ‘नेहमीचं पाठवा’. तो मलाही कळला नसता.

तेव्हा २,१८० रुपये आणि तुमच्या सेवेचं ऑक्टोबरचं भाडं परत करावं. सगळ्या टूल्सची वर्णनं, चूक झाल्यावर दिसणारे संदेश धरून, दुकानातली भाषा कळणाऱ्या माणसाकडून पुन्हा लिहून घ्यावीत, आणि पैसे परत करण्याआधी मला विचारण्याची सोय करावी. भाच्याने लिहिलेली वर्णनं सोबत जोडली आहेत. वापरा, त्याचे पैसे मागत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

भाजणी अजून ९६ पाकिटं शिल्लक आहे.

आपली,
दुकानाची मालकीण