रस्ता संपतो तिथल्या घरासाठी : नवाहो आरोग्यसेवकांच्या शिक्षणाकरता आवाहन

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या तयारीच्या सभेत आपल्या मंडळानं यंदा एक ठराव केला. आरास साधी ठेवायची, आणि उत्सवात जमणारा निधी आपल्याच ॲरिझोनातल्या नवाहो या मूळनिवासी समाजातल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी द्यायचा. सार्वजनिक आरोग्य शिकून जी मुलंमुली आपापल्या वस्तीत आरोग्यसेवक म्हणून घरोघर जाणार आहेत, त्यांच्यासाठी. सभेत अनेकांनी विचारलं, कॉलेज कुठलं, ही माणसं कोण, आणि आपण कशाला? प्रश्न रास्त होते. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

२०२० चा मे महिना आठवा. नवाहो राष्ट्रात, म्हणजे त्यांच्या स्वशासित प्रदेशात, लोकसंख्येच्या मानानं कोविडची लागण न्यूयॉर्कपेक्षाही जास्त झाली होती. शनिवार-रविवारी सलग ५७ तासांची संचारबंदी होती. मंडळातल्या चार कुटुंबांनी पाण्याच्या बाटल्या, मास्क आणि डाळ-तांदूळ गाडीत भरून फ्लॅगस्टाफपर्यंत नेले. पुढे जायची परवानगी नव्हती. एका पार्किंगमध्ये सामान घ्यायला पिकअप घेऊन एक बाई आल्या, त्यांच्या समाजाच्या आरोग्यसेविका. आपण नुसती खोकी उतरवत होतो; त्या प्रत्येक खोक्यावर खुणा करत होत्या. इथे डायलिसिसचा रुग्ण आहे, इथे आजी एकट्या आहेत आणि त्यांना इंग्रजी येत नाही, या घरी पाणी नाही, तिथे बाटल्या जास्त. त्यांच्याजवळ यादी नव्हती. सगळं तोंडपाठ होतं. परतीच्या वाटेवर आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, "ही तर आपली आशाताई!" त्या दिवसापासून हा विषय मंडळाच्या डोक्यात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी मॉन्युमेंट व्हॅलीत उभं राहून फोटो काढलेत. ती जमीन नवाहो लोकांची. ते स्वतःला 'दिने' म्हणतात, म्हणजे 'माणसं', 'लोक'. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश सुमारे ७१,००० चौरस किलोमीटरचा आहे. गोव्यासारखी एकोणीस राज्यं त्यात मावतील. आणि एवढ्या मुलखात राहणारी माणसं एक लाख सत्तर हजारांच्या आसपास. घरं एकमेकांपासून कोसभर लांब, रस्ते बहुतेक कच्चे, पावसात चिखल आणि हिवाळ्यात बर्फ. अनेक घरांना पत्ताच नाही: पवनचक्कीपासून डावीकडे, मग जुन्या मेंढवाड्यापाशी उजवीकडे, असं सांगावं लागतं. जवळजवळ तीन घरांमागे एका घरात नळाचं पाणी येत नाही. पिंपं गाडीत घालून भरून आणावी लागतात. "जेवणाआधी हात धुवा" ही सूचना अशा घरी कशी द्यायची, हे फक्त तिथलाच माणूस जाणतो.

भाषेची गोष्टही तशीच. नवाहोत साखरेला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ होतो 'गोड मीठ'. मधुमेहाच्या रुग्णाला साखर कमी करा आणि मीठही कमी करा, हे एका दमात समजावताना इंग्रजीतलं पत्रक काय कामाचं? कोविडला तिथल्या आरोग्य विभागानं 'मोठा खोकला' अशा अर्थाचं स्वतःचं नाव दिलं आणि घोषणा त्याच नावानं केल्या. त्याहून नाजूक बाब म्हणजे, बोललेल्या शब्दाला बळ असतं, वाईट बोललं तर ते ओढवतं, अशी जुन्या दिने माणसांची श्रद्धा आहे. "औषध घेतलं नाहीत तर पाय कापावा लागेल" असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, तर तो इशारा राहत नाही, शाप होतो. आपल्याकडच्या आज्या "शुभ बोल रे" म्हणतात, त्यामुळे हे आपल्याला कळायला जड नाही. तिथली आरोग्यसेविका तीच गोष्ट दुसऱ्या कोणाची म्हणून सांगते. पाय वाचतो आणि आजोबांचा मानही राहतो.

हे शहाणपण तिथे नवं नाही. ॲनी डॉज वाउनेका या १९५१ मध्ये नवाहो परिषदेवर निवडून आल्या आणि क्षयरोगाच्या मागे लागल्या. घरोघर फिरल्या, पारंपरिक वैद्यांशी बसून बोलल्या, रुग्णांना उपचार अर्धवट सोडू दिले नाहीत. मुख्य म्हणजे डॉक्टरांच्या शब्दांना नवाहोत प्रतिशब्द हवेत म्हणून त्यांनी वैद्यकीय संज्ञांचा कोश तयार करायला घेतला. १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचं 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं. १९९३ मध्ये या भागात तरुण, धडधाकट माणसं दोन-चार दिवसांत दगावू लागली. वर्तमानपत्रांनी त्याला 'नवाहो फ्लू' म्हणून समाजालाच कलंक लावला. तपासाला आलेल्या शास्त्रज्ञांना तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं: यंदा ओल जास्त झाली, पिन्योन या पाइनच्या झाडाला बिया भरपूर आल्या, म्हणून उंदीर वाढले. उंदरांपासून दूर राहायचं हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रयोगशाळेत उंदरांमधूनच पसरणारा हंताव्हायरस सापडला. ज्यांना माहीत होतं त्यांच्या घरापर्यंत पोचून कोणीतरी नीट विचारायला हवं होतं, एवढंच.

आता कॉलेजबद्दल. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं दिने लोकांची पिकं जाळून आणि पीचच्या बागा तोडून त्यांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन डांबलं. वाटेत आणि तिथे हजारो दगावले. १८६८ च्या तहानं ते मायभूमीला परतले. त्या तहात सरकारनं वचन दिलं होतं की दर तीस मुलांमागे एक शाळा आणि एक शिक्षक देऊ. प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या मुलं लांबच्या निवासी शाळांत नेली गेली आणि स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा भोगत राहिली. त्या तहाला शंभर वर्षं झाली त्याच १९६८ साली नवाहोंनी स्वतःचं कॉलेज स्थापन केलं. आदिवासी समाजानं स्वतः चालवलेलं अमेरिकेतलं हे पहिलं कॉलेज. आज त्याला दिने कॉलेज म्हणतात. त्याच १९६८ मध्ये देशभरच्या मूळनिवासी समाजांसाठी 'कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेंटेटिव्ह' ही योजना सुरू झाली, आपल्या आशा योजनेच्या कितीतरी आधी. आमच्या पार्किंगमधल्या बाई त्याच योजनेतल्या.

दिने कॉलेजचा मुख्य परिसर सेलीला आहे. इथून, म्हणजे फिनिक्सहून, फ्लॅगस्टाफ, चेंबर्स, मग १९१ नंबरच्या रस्त्यानं गनाडो, चिनली, आणि पुढे कॅनियन डी शेच्या कडेकडेनं. होगान या त्यांच्या पारंपरिक घराच्या आकाराची काचेची सहामजली इमारत लांबूनच दिसते. विचार, नियोजन, जगणं आणि त्यातून आलेली खात्री, या चार पायऱ्यांवर तिथलं सगळं शिक्षण बेतलेलं आहे. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या विद्यापीठांच्या भागीदारीत उन्हाळी कार्यक्रम चालतो. आधी वर्गात साथरोगशास्त्र, मग प्रत्यक्ष वस्तीत काम. पूर्वेला क्राउनपॉइंटमध्ये त्यांचं दुसरं विद्यापीठ आहे, नवाहो टेक. गॅलपची 'कोप' ही संस्था २००९ पासून नवाहो आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात आणि सचित्र तक्त्यांच्या कामात आहे. या भागीदाऱ्यांची किंमत आम्हाला एका गोष्टीत दिसते: मूल शिकायला गाव सोडत नाही, आणि शिकलं की गावातच लागतं. फिनिक्सला चार वर्षं राहिलेलं मूल परत चिनलीला जाईल का? आपण स्वतः कुठून कुठे आलो आणि परत गेलो का, हे आठवलं की उत्तर मिळतं.

कामही कमी नाही. १९४४ ते १९८६ या काळात या जमिनीतून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून कंपन्या निघून गेल्या. कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही हे घराघरांत सांगावं लागतं. २०१४ मध्ये नवाहो परिषदेनं निःसत्त्व खाण्यावर २ टक्के कर बसवला, ताज्या भाज्या-फळांवरचा विक्रीकर काढून टाकला. अमेरिकेत असं पाऊल आधी कोणी उचललेलं नव्हतं. कायदा झाला, पण ताजी भाजी मिळणारं दुकान तासभराच्या अंतरावर असेल तर चुलीवर काय शिजेल? तिथे पुन्हा घरी जाऊन बोलणारा माणूसच लागतो.

मग पैसा कशाला, सरकार देत नाही का? अमेरिकेतल्या साध्या कम्युनिटी कॉलेजला स्थानिक मालमत्ता कराचा मोठा आधार असतो. राखीव प्रदेशातली जमीन सरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्यानं तिच्यावर तो कर नाही, म्हणून त्या कॉलेजांना तो आधारही नाही. फी फार नाही आणि तिच्यासाठी सरकारी अनुदानं मिळतात. विद्यार्थी अडतो तो दुसरीकडे: पेट्रोल, कच्च्या रस्त्यानं फाटलेला टायर, लहान मुलाला सांभाळायला ठेवायचे पैसे, बंद पडलेला लॅपटॉप. यांतले बरेच विद्यार्थी स्वतः आईबाप आहेत, घरी आजी-आजोबांचं करणारे आहेत. एक टायर फुटला म्हणून सेमिस्टर सोडावं लागणं, हे आम्हाला सहन होण्यासारखं वाटत नाही.

मंडळाचं उद्दिष्ट १५,००० डॉलरचं आहे. दीडशे कुटुंबांनी १०१ डॉलर दिले की ते पुरं होतं. ज्यांना जास्त शक्य आहे त्यांनी जास्त द्यावं. ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच रक्कम आपल्या बाजूनं घालतात, त्यांनी तो अर्ज नक्की भरावा. दरवर्षी निम्मे लोक विसरतात. रक्कम मंडळाकडे साठवून ठेवली जाणार नाही. उत्सवानंतर ती दिने कॉलेजच्या शिष्यवृत्ती निधीत जमा करायची, आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रवास आणि घरखर्चासाठी वापरावी अशी विनंती सोबत जोडायची, असं ठरलं आहे. विद्यार्थी कॉलेज निवडेल. कोण गरजू, हे आपण फिनिक्समध्ये बसून ठरवू नये. ॲरिझोनाबाहेरच्या वाचकांना मंडळामार्फत यायची गरज नाही. १९८९ पासून आदिवासी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या 'अमेरिकन इंडियन कॉलेज फंड'कडे थेट देणगी द्या, ती योग्य जागीच जाईल.

पैशापलीकडेही मदत हवी आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आकडेशास्त्र कोळून प्यालेली मंडळी तर डझनानं आहेत. जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवायला आठवड्यातून दोन तास ऑनलाइन देऊ शकणाऱ्यांची यादी आम्ही कॉलेजकडे पाठवू. त्यांना गरज वाटली तर ते बोलावतील. एक सत्र पूर्ण निभावणार असाल तरच नाव द्या, मध्येच सोडणारा शिक्षक नसलेल्यापेक्षा वाईट.

काही गोष्टी मात्र नकोत, आणि हे स्पष्ट लिहिणं आम्हाला भाग आहे. जुने कपडे नकोत. एक दिवसाची सहल काढून, मुलांना टी-शर्ट घालून फोटो काढायचे नाहीत. आणि कोणाच्या मुलांनी कॉलेज प्रवेशाच्या अर्जात लिहायला म्हणून तिथे सर्वेक्षण करायला जायचं नाही. नवाहो राष्ट्राचं स्वतःचं संशोधन परीक्षण मंडळ आहे, माणसांविषयी कुठलंही संशोधन त्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. २००२ मध्ये त्यांनी जनुकीय संशोधनावर स्थगितीही आणली. बाहेरून येऊन माहिती घेऊन जाणारे त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, मदतच करायची तर गडचिरोलीला करा, नंदुरबारला करा. जरूर करा. मंडळाचा तो निधी वेगळा आहे आणि त्यातला एक पैसाही इकडे वळवलेला नाही. खेड्यातल्या बाईला शिकवलं तर ती गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून जामखेडला करून दाखवलं. जगभरचे लोक ते पाहायला नगर जिल्ह्यात आले. ही गोष्ट अभिमानानं सांगणारे आपण, आणि आपल्या दारातून पाच-सहा तासांवर तेच काम चाललं आहे. ज्या राज्यात आपण घरं बांधली, त्या राज्यातली ही मूळ माणसं. त्यांचं शेजारी म्हणून आपण काहीच लागत नाही, असं आम्हाला म्हणवत नाही.

देणग्या अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळाच्या नेहमीच्या खात्यात द्याव्यात, 'शिष्यवृत्ती' असा उल्लेख करून. म्हणजे जानेवारीच्या सत्राआधी रक्कम कॉलेजकडे पोचेल. करसवलतीची पावती ईमेलनं येईल. रोख देणाऱ्यांसाठी उत्सवाच्या पाचही दिवशी प्रसादाच्या टेबलाशेजारी पेटी असेल. लॅपटॉप द्यायचा असेल तर तो चार वर्षांपेक्षा जुना नसावा, बॅटरी निदान दोन तास टिकावी, आपली माहिती पुसलेली असावी आणि चार्जर आठवणीनं सोबत आणावा.

आपली,
मंडळाची समाजकार्य समिती