संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: बाराचे पन्नास कोणाला विचारून?

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, आयर्लंड

सविनय नमस्कार.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, आता आयर्लंडची नागरिक. माझा मुलगा आपल्या सैन्यात आहे, नुकताच दक्षिण लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून परतला. इथल्या मराठी घरांतही मतदार आहेत, त्यांनी वाचावे म्हणून हे मराठीत लिहिते.

बाराहून जास्त जवान परदेशी मोहिमेवर धाडायचे तर आज तीन गोष्टी लागतात: संयुक्त राष्ट्रांची मान्यता, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि डॉइलची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, मंजुरी. हेच ते तिहेरी कुलूप. सरकारच्या २०२५ च्या कायदा-दुरुस्तीच्या मसुद्यात संयुक्त राष्ट्रांची अट काढून टाकली आहे आणि बाराचे पन्नास केले आहेत. पन्नास जवानांपर्यंत डॉइलला विचारायलाच नको!

युरोपीय संघाचा नीस करार २००१ मध्ये इथल्या जनतेने सार्वमतात फेटाळला, तेव्हा देशाची तटस्थता जाईल ही भीती घालवायला सरकारने जून २००२ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला याच तीन अटींची लेखी हमी दिली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये लोकांनी होकार दिला. मत पदरात पडले, आता हमी नको झाली?

तुम्ही म्हणता, रशिया आणि चीनच्या नकाराधिकारावर आपले सैन्य का अडावे? मुद्दा खोटा नाही. पण कायद्यात सुरक्षा परिषदेसोबत आमसभेचेही नाव आहे, ते भाषणात का येत नाही? १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने परिषद अडवली, तेव्हा सुएझची शांतिसेना आमसभेनेच उभी केली. भारताचे जवानही तिच्यात होते.

माझा थोरला भाऊ १९८७ मध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला गेला. शांतिसेना नावालाच. संयुक्त राष्ट्रांचा ठराव नव्हता, दोन सरकारांचा करार होता, आणि सैन्य बाहेर पाठवण्याआधी संसदेचे मत घ्यावे अशी अट भारताच्या घटनेत आजही नाही. थोड्या दिवसांचे काम आहे, असे त्याने पत्रात लिहिले होते. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. सुमारे बाराशे जवान गेले, त्यांत तो. वडील मरेपर्यंत एकच विचारत राहिले, याला हो म्हटले कोणी? कोणाकडे बोट दाखवावे, तेही आम्हाला कळले नाही. आई अजून आहे. नातू सैन्यात गेल्याचे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मला हेच पुन्हा नको आहे. लेबनॉनमध्ये या चिमुकल्या देशाचे जवळपास पन्नास जवान गेले, पण तिथे त्यांना कोणी आणि कशासाठी पाठवले हे कागदावर आहे. तो कागद तुम्ही फाडता आहात. आणि घाई कशाची? सैन्य साडेसात हजारांच्या आसपास अडकले आहे, खलाशी नाहीत म्हणून नौदलाची जहाजे बंदरात बांधून ठेवलेली. पगार वाढवायला वर्षे लागतात, कुलूप तोडायला मात्र वेळ आहे. दिल्ली असो की डब्लिन, मुले आमची मागायची आणि हिशेब द्यायची वेळ आली की गुप्ततेचे कारण पुढे करायचे. याचा मला वीट आला आहे.

बाराचा आकडा बारा राहू द्या. परिषद अडली तर आमसभेकडे जा. आणि संयुक्त राष्ट्रांची अट काढायचीच असेल तर २००२ सारखे सार्वमत घ्या, मी मत द्यायला येईन.

एका जवानाची आई, एका जवानाची बहीण
डब्लिन